लाट, लाकूड आणि लाख

२०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिक स्पर्धांतील हजारो छायाचित्रांपैकी एकाने साऱ्या जगाला क्षणभर थबकावयास लावले. २९ जुलै रोजी, पॅरिसपासून हजारो मैल दूर असलेल्या प्रशांत महासागरातील ताहिती बेटावर, तेआहुपो या गावी सर्फिंगची स्पर्धा चालू होती. ब्राझीलचा गाब्रिएल मेदिना एका प्रचंड लाटेच्या पोकळीतून सहीसलामत बाहेर पडला, तिच्या पाठीवरून हवेत उसळला आणि नेमक्या त्याच निमिषाला जवळच्या नावेत बसलेल्या झेरोम ब्रुइये या छायाचित्रकाराने कळ दाबली. चित्रात मेदिना अंतराळात जणू उभा राहिला आहे, त्याचे एक बोट आकाशाकडे उंचावलेले आहे आणि त्याच्या शेजारी, त्याच्याशी समांतर, त्याची फळीही तशीच ताठ उभी आहे. या चित्रातील फळी पुसून टाकली तर उरेल तो केवळ हवेत उडालेला माणूस. चित्राला अर्थ आला आहे तो त्या दोघांच्या जोडीमुळे.

किनाऱ्याकडे धावत येणाऱ्या लाटेवर लांबट फळी टाकून तिच्यावर उभ्याने स्वारी करण्याच्या या खेळाचे आणि छायाचित्रणकलेचे नाते असे निकटचे आहे. लाट काही क्षणांत फुटते आणि स्वाराचे कौशल्य तिच्याबरोबरच विरून जाते. मागे उरते ते चित्र. परंतु अलीकडे हे नाते आणखी एक पाऊल पुढे गेले आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत काही कलावंत आपली छायाचित्रे भिंतीवरील चौकटीत न बसवता हाताने घडविलेल्या फळीवरच उमटवू लागले आहेत. फळी घडविणारा कारागीर आणि चित्र टिपणारा कलावंत यांची ही भागीदारी आहे. हा परदेशी हौशी लोकांचा चाळा आहे, असे म्हणून तो बाजूस सारणे सोपे आहे. आमच्या मते तसे करणे चुकीचे ठरेल. कारण या भागीदारीत उपयोगाची वस्तू आणि कला यांच्या संबंधाचा जो प्रश्न दडलेला आहे, तो आपल्या किनाऱ्याच्या ओळखीचा आहे. आणि त्याचा एक धागा तर समुद्र कधी न पाहिलेल्या बालाघाटच्या अरण्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

एकाच हातात फळी आणि कॅमेरा

फळी आणि कॅमेरा या दोहोंना प्रथम एकत्र आणणाऱ्यांत टॉम ब्लेक या अमेरिकनाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९०२ साली विस्कॉन्सिन राज्यात, म्हणजे समुद्रापासून खूप दूर, जन्मलेला हा मनुष्य. १९२० साली डेट्रॉइट शहरात हवाईचा विख्यात जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याच्याशी त्याची गाठ पडली आणि त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. पुढे हवाईला गेल्यावर होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये ठेवलेल्या प्राचीन फळ्यांची डागडुजी त्याने केली. हवाईतील राजे-सरदारांच्या त्या लांबलचक फळ्या ‘विलिविली’ या हलक्या लाकडाच्या असत. त्यांचा अभ्यास करता करता ब्लेकला आतून पोकळ अशा फळीची कल्पना सुचली. भरीव लाकडाच्या जड फळीने थकून जाणाऱ्या स्वारांना त्याने हलकी फळी दिली आणि १९३२ साली तिचे पेटंट मिळविले. फळीच्या शेपटाखाली मासळीच्या पराप्रमाणे एक पाते बसविण्याची कल्पनाही १९३५ साली त्यानेच अमलात आणली.

याच ब्लेकने १९३० च्या सुमारास कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पेटी तयार केली आणि ती घेऊन तो लाटांत उतरला. तोपर्यंत सर्फिंगची चित्रे काढली जात ती किनाऱ्यावरून किंवा नावेतून. ब्लेकची चित्रे काढली गेली ती फळीवरूनच. १९३५ च्या मे महिन्यात ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने ती प्रसिद्ध केली, तेव्हा लाट आतून कशी दिसते हे वाचकांना प्रथमच कळले. त्याच्यापासून स्फूर्ती घेऊन जॉन बॉल या कॅलिफोर्नियातील दंतवैद्याने अशीच पेटी तयार केली आणि १९४६ साली आपल्या चित्रांचे पुस्तक काढले. पुढे १९६० च्या दशकात लेरॉय ग्रॅनिस याने फळीला चिकटून राहील अशी जलरोधक पेटी बनवून, पाण्यातल्या पाण्यात फिल्म बदलण्याची सोय करून घेतली.

ही नावे येथे सांगण्याचे कारण एवढेच, की या परंपरेत सुतारकाम आणि कलादृष्टी यांच्यामध्ये भिंत नव्हती. ज्या हाताने रंधा चालविला त्याच हाताने कळ दाबली. आज फळीवर छायाचित्र उमटवणारे लोक नवे काही करीत आहेत असे नव्हे. दोन हातांत विभागली गेलेली कामे ते पुन्हा जवळ आणीत आहेत.

चित्र फळीवर कसे उतरते

ही क्रिया समजून घेण्यासारखी आहे. फळीचा आकार तासून सिद्ध झाला की तिच्यावर काचतंतूंचे, म्हणजे फायबरग्लासचे, तलम कापड पसरतात आणि त्यावर पातळ राळ ओतून ती सर्वत्र सारखी करतात. राळ सुकली की कापड, राळ आणि फळी यांचे एक अभंग कवच तयार होते. छायाचित्र उमटवायचे असेल तर ते अतिशय पातळ कागदावर किंवा तलम सुती कापडावर छापून या थरांच्या मध्ये ठेवावे लागते. राळेत भिजताच कागद स्वतः अदृश्य होतो आणि केवळ शाई उरते. येथेच छायाचित्रकाराची खरी परीक्षा होते. सामान्य छापयंत्राजवळ पांढरी शाई नसते. चित्रातील पांढरा भाग म्हणजे कोरा कागदच असतो. तो कागद पारदर्शक झाला की त्याजागी खालच्या लाकडाचा रंग दिसू लागतो. लाटेचा शुभ्र फेस फळीवर येताच मधाळ तपकिरी होतो आणि लाकडाचे शिरांचे जाळे त्यातून वर येते. ज्याने लाकूड पाहिलेले नाही, त्याचे चित्र फळीवर मरते. ज्याने ते पाहिले आहे, तो लाकडाच्या शिरांनाच पाण्याच्या रेषा करून घेतो.

दुसरी अडचण आकाराची. लांब फळी साधारण नऊ फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद, दोन्ही टोकांशी निमुळती आणि पुढे वर वळलेली असते. कॅमेऱ्याचा आडवा आयत तिच्यात मावत नाही. सपाट कागदावर सरळ असलेले क्षितिज फळीच्या बाकावर वाकते. त्यामुळे चित्र टिपतानाच फळीचा विचार करावा लागतो आणि फळी घडवितानाही चित्राचा. तिसरी गोष्ट त्याहून मोलाची आहे. पाय घसरू नये म्हणून स्वार फळीच्या वरच्या बाजूस मेण घासतो. तेथील चित्र मेणाखाली झाकोळून जाते. म्हणून चित्राची खरी जागा फळीच्या तळाशी. स्वाराला ते स्वारी करताना कधीच दिसत नाही. ते दिसते पाण्याला आणि फळी किनाऱ्यावर उभी करून ठेवली असता येणाऱ्या-जाणाऱ्यांना. सूर्यप्रकाशाने शाई हळूहळू फिकी होते, राळ पिवळसर पडते, खडकांचे ओरखडे उठतात. चौकटीतील चित्राला जे सारे अपाय म्हणून टाळले जातात, ते येथे चित्राच्या आयुष्याचाच भाग होतात.

आपला पाट, आपली गंजिफा

उपयोगाच्या वस्तूवर चित्र आणि चित्रावर संरक्षक लेप ही कल्पना कोकण-गोमंतकाला परकी नाही. गोव्यात कुंकळ्ळी येथील चितारी कारागिरांनी रंगविलेले लग्नाचे पाट, पाळणे आणि चौरंग आपल्या घरोघरी होते. त्या पाटावर वेलबुट्टी असे आणि तरीही त्यावर वर-वधू बसत. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा हे तर याचे उत्कृष्ट उदाहरण. दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० पाने, प्रत्येकावर हाताने काढलेले चित्र, पाठीवर लाखेचा लेप, आणि हे सारे कशासाठी, तर खेळण्यासाठी. मत्स्य आणि कूर्म हे अवतार देवघरातून उतरून खेळणाऱ्यांच्या तळहातांत येत आणि त्यात कोणाला अवमान वाटत नसे. ही कला अस्तंगत होत असता १९७० च्या दशकाच्या आरंभी श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून तिचे पुनरुज्जीवन करून घेतले, ही गोष्ट कोकणी वाचकांना ठाऊक आहेच. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

येथे एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी जे हलके लाकूड वापरीत आले ते पांगाऱ्याचे. हवाईच्या राजांच्या फळ्या ज्या विलिविलीच्या, तो वृक्ष आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातील, त्याचा सख्खा चुलतभाऊ म्हणावा असा. वसंतात लाल फुलांनी पेटून उठणारे जे झाड आपल्याकडे कुंपणाला लावतात आणि ज्याची लाकडी फळे रंगवून बाजारात मांडतात, त्याच्याच आप्ताने प्रशांत महासागरात राजांना लाटांवर बसविले. हलके लाकूड आणि त्यावर राळेचा थर हे सूत्र दोन्ही किनाऱ्यांवर स्वतंत्रपणे जन्मास आले.

बालाघाटची राळ

आता ही राळ येते कोठून ते पाहू. आजच्या सर्फबोर्डवरील राळ खनिज तेलापासून कारखान्यात बनते. आपल्या चितारीची राळ म्हणजे लाख. आणि लाख समुद्रकाठी पिकत नाही. ती येते मध्य भारतातील अरण्यांतून, आणि त्यांत मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे नाव महत्त्वाचे आहे. हा प्रदेश आपल्याला वाटतो तितका परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातच बालाघाट आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे नांदत होते. आजही वारासिवनी, लांजी, कटंगी या भागांत मराठी कानावर पडते, आणि गोंदियाशी तेथील लोकांचे सोयरसंबंध आणि व्यापार अखंड चालू आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेल्या गोंदिया–बालाघाट–जबलपूर या अरुंद रुळांच्या आगगाडीने कित्येक दशके या अरण्यातील माल बाहेर नेला. वैनगंगा येथूनच दक्षिणेकडे वाहते, प्राणहितेच्या रूपाने गोदावरीला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात विसर्जित होते. समुद्र येथे पोहोचत नाही, पण येथील पाणी समुद्राला पोहोचते.

पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा सूक्ष्म कीटक वस्ती करतो. मादी एकदा फांदीला चिकटली की तेथून हलत नाही. रस शोषते आणि स्वतःभोवती राळेचे कवच रचीत राहते. असंख्य कीटकांची कवचे एकमेकांत मिसळून फांदीवर लालसर पपुद्रा चढतो. ‘लाख’ हे नाव या असंख्यतेवरूनच पडले असे मानण्याची रीत आहे. महाभारतातील लाक्षागृहाने हा पदार्थ किती जुना आणि किती ज्वालाग्राही आहे हे आपल्या मनावर ठसविलेच आहे. त्याच्याच लाल रंगापासून सौभाग्याचा अळिता होत असे. गोंड, बैगा आदी वनवासी कुटुंबे कीटकयुक्त बीजकाड्या नव्या फांद्यांना बांधतात, आणि पिकाची वेळ झाली की फांद्या छाटून लाख खरवडून काढतात. वैशाखी, कातकी, जेठवी आणि अगहनी अशी या पिकांची महिन्यांवरून पडलेली नावे आहेत. उष्म्याची एक लाट किंवा अवेळी धुके आले की कीटक मरतात आणि सहा महिन्यांची आशा फांदीवरच वाळून जाते. शेतात धान नसते त्या दिवसांत घरात रोख पैसा आणणारे हे पीक आहे.

खरवडलेली लाख धुऊन, वितळवून तिचा चपडा बनविण्याची जुनी हातभट्टीची रीत पाहिली तर कारागिरी म्हणजे काय हे कळते. कापडाच्या लांब पिशवीत दाणेदार लाख भरून ती निखाऱ्यांसमोर पिळीत जावयाची. पाझरलेला रस गरम नळकांड्यावर पसरवायचा. आणि त्याची चादर ऊन असतानाच हात, पाय आणि दात यांनी ताणून काचेसारखी पातळ करावयाची. दातांत धरून ताणलेली ती चादर पुढे वार्निश होऊन कोणाच्या दिवाणखान्यात चमकली, हे ताणणाऱ्याला कधी कळले नाही.

छायाचित्रणाशीही या लाखेचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात काचेवरील निगेटिव्ह ओरखड्यांपासून वाचविण्यासाठी त्यावर वार्निशाचा थर देत. त्यासाठीच्या अनेक कृतींत चपडा लाख असे. विसाव्या शतकात छायाचित्र पुठ्ठ्यावर इस्त्रीने चिकटविण्यासाठी जो पातळ कागद निघाला, त्यावरही लाखेचाच लेप असे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या पहिल्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही निष्णात छायाचित्रकार होते. हे लाड घराणे पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे. त्याच मांद्रे-आश्वे-मोरजीच्या किनाऱ्यावर आज तरुण मंडळी फळ्या घेऊन लाटांवर स्वार होताना दिसतात. भारतीय छायाचित्रणाच्या आद्य पुरुषांपैकी दोघांचे गाव हे आज गोव्यातील सर्फिंगचे एक केंद्र व्हावे, ही गोष्ट आपण अजून आपल्या अभिमानात जमा केलेली नाही.

प्रामाणिकपणाचा प्रश्न

येथवर वाचून कोणी उत्साहाने म्हणेल, की मग पांगाऱ्याची फळी, मांद्र्याचे छायाचित्र आणि बालाघाटची लाख एवढे जमले की झाले स्वदेशी सर्फबोर्ड! या उत्साहाला थोडा आवर घालणे आमचे कर्तव्य आहे. लाखेला पाण्याचा दीर्घ सहवास मानवत नाही. पावसाळ्यात पॉलिश केलेल्या लाकडावर दुधट डाग उठतात हे कोकणातील प्रत्येक सुताराला माहीत आहे. लाख क्षारात विरघळते, आणि समुद्राचे पाणी किंचित का होईना क्षारधर्मीच असते. पांगाराही जपला नाही तर किडीला लवकर बळी पडतो. म्हणून लाटेवर जाणाऱ्या फळीला आज तरी इपॉक्सीसारखी कृत्रिम राळच द्यावी लागेल. लाखेने रंगविलेली फळी दिवाणखान्यात शोभेल, पण ती समुद्रात नेण्यासाठी आहे असे सांगून विकणे ही फसवणूक होईल.

मात्र कृत्रिम द्रव्यांवर आंधळा विश्वास ठेवण्याचे फळ काय होते, हेही या धंद्याने पाहिले आहे. १९५० च्या दशकाअखेर फेसाळ प्लॅस्टिकच्या गाभ्याने लाकडी फळ्यांना जवळजवळ हद्दपार केले. नेमक्या त्याच सुमारास ग्रामोफोनच्या तबकड्यांतून लाख हद्दपार झाली आणि व्हायनिल आले. बालाघाट-गोंदियाकडील लाखेच्या धंद्याला बसलेल्या धक्क्यांपैकी तो एक मोठा. अमेरिकेत फळ्यांच्या गाभ्याचा पुरवठा हळूहळू एकाच कारखान्याच्या हाती एकवटला. ५ डिसेंबर २००५ रोजी त्या ‘क्लार्क फोम’ कारखान्याने, वापरातील विषारी रसायने आणि त्यांबाबतचे सरकारी निर्बंध यांचा उल्लेख करून, एकाएकी दारे बंद केली. देशोदेशीचे फळीकार रातोरात हताश झाले. त्या धक्क्यानंतर अनेकांनी पुन्हा लाकडाकडे, बांबूकडे आणि निराळ्या राळांकडे लक्ष वळविले. आज हातघडीच्या फळीला जो मान आला आहे, त्यामागे केवळ सौंदर्यदृष्टी नाही, हा अनुभवही आहे. बालाघाटची वने बांबूसाठी प्रसिद्ध आहेत, आणि २०१७ साली वन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने वनाबाहेर वाढविलेल्या बांबूवरील बंधने दूर झाली आहेत. कागदाच्या गिरणीत लगदा होण्यापेक्षा फळीचा कणा होणे बांबूला अधिक शोभेल, असा प्रयोग करून पाहण्यास काय हरकत आहे?

मोल कोणाचे, नाव कोणाचे

खरा प्रश्न पुढेच आहे. भारतात सर्फिंगचा प्रसार झाला तो मुख्यतः गेल्या वीस वर्षांत. कर्नाटकातील मुल्की येथे २००४ च्या सुमारास अमेरिकन संन्यासी जॅक हेब्नर यांनी त्याचे केंद्र उभारले. चेन्नईजवळच्या कोवलम गावी मूर्ती मेगवन या मच्छीमार तरुणाने आपल्या वस्तीतील मुलांना फळीवर उभे केले. २०११ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. २०२१ मध्ये टोकियोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये प्रथम आला. कोवलमचे उदाहरण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. जो समुद्र आजोबांनी होडीतून ओळखला तोच नातवाने फळीवरून ओळखावा, यात किनाऱ्यावरील माणसाचा समुद्रावरील हक्क टिकून राहतो.

तसे न होता दुसरे चित्रही सहज शक्य आहे. फळी परदेशातून आयात व्हावी, तिच्यावर आमच्या रापणीचे, आमच्या कोळणीच्या टोपलीचे, नारळी पौर्णिमेला हळद-कुंकू वाहिलेल्या नाळेचे छायाचित्र छापले जावे, ती एखाद्या पंचतारांकित हॉटेलच्या भिंतीवर टांगली जावी आणि किंमत लाखांत व्हावी. आणि ज्याचे चित्र आहे तो रापणकार मात्र त्या हॉटेलच्या फाटकाबाहेरच राहावा. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर्सविरुद्ध आपल्या पोटासाठी लढलेल्या रापणकाराचे हे शोभेच्या वस्तूत झालेले रूपांतर कोणाही सहृदय गोमंतकीयाला रुचणार नाही. आणि बालाघाटच्या रानात बीजकाड्या बांधणाऱ्या बैगा स्त्रीला तर या साऱ्या व्यवहाराची वार्ताही लागणार नाही. लाखेचे भाव दूरच्या बाजारांत चढतात आणि कोसळतात. ते का चढले आणि का कोसळले हे तिला कोणी सांगत नाही.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. पहिली ही, की अशा फळीवर छायाचित्रकाराच्या सहीबरोबर फळी घडविणाऱ्याचे आणि तिला लेप देणाऱ्या चितारीचेही नाव असावे. गंजिफेच्या हजारो पानांवर कारागिराचे नाव नाही. ती चूक नव्या कलेने पुन्हा करू नये. दुसरी ही, की चित्रातील माणसाची संमती घेतली जावी आणि विक्रीतील वाटा त्याच्या घरी पोहोचावा. तिसरी, लाख वापरणाऱ्या कारागिरांच्या संस्थांनी ती दलालांच्या साखळीतून न घेता बालाघाट, गोंदियाकडील उत्पादकांच्या सहकारी गटांकडून थेट घेण्याची वाट शोधावी. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. पाण्यात टिकणारी, अरण्यातून येणारी राळ हा विषय तिच्यासमोर मांडण्यासारखा आहे. चौथी, पणजीच्या कला महाविद्यालयाने आणि कुंकळ्ळी-सावंतवाडीच्या कारागिरांनी एखाद्या हिवाळ्यात, हवा कोरडी असताना, एकत्र बसून पाच-दहा फळ्या करून पाहाव्यात. त्यांतील निम्म्या भिंतीसाठी लाखेच्या असोत, निम्म्या समुद्रासाठी इपॉक्सीच्या असोत. पण कोणती कशासाठी हे स्पष्ट सांगितलेले असावे.

आणि शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. जी फळी समुद्रासाठी केली तिला समुद्रात नेलेच पाहिजे. चित्र खराब होईल या भीतीने ती काचेआड ठेवली, तर ना धड फळी ना धड चित्र अशी तिची गत होईल. आपल्या आजीने लग्नाचा रंगीत पाट कपाटात ठेवला नाही. त्यावर पिढ्यान् पिढ्या मुले बसली, जेवली आणि त्याचा रंग झिजला. तो झिजलेला रंग हाच त्या पाटाचा मान होता. छायाचित्रालाही असा मान मिळण्याची संधी प्रथमच येत आहे. त्यासाठी त्याने भिंत सोडून पाण्यात उतरावे. आणि ज्यांच्या लाकडावर, राळेवर आणि श्रमांवर ते उभे आहे, त्यांना आपल्याबरोबर वर उचलावे. तसे झाले तर ही नवी कला आपल्या किनाऱ्यावर पाहुणी म्हणून न राहता घरची होईल, आणि अरण्य ते समुद्र हा जुना व्यवहार पुन्हा एकदा सन्मानाने सुरू होईल.